वाडीतली मुलं आणि जनावरं

डहाणू-घोलवडची ओळख चिकूच्या वाड्यांची. पण वाडीत वाढणाऱ्या मुलांना वेड खुराड्याचं आणि गोठ्याचं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवस वाट पाहायची. शेळी गाभण राहिली की पाच महिने. धीर धरणं मुलं इथंच शिकतात.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनी शिकवायला हवी. कुत्र्यानं चावलं, नुसतं ओरखडलं, तरी मार बसेल या भीतीनं मुलं ते लपवतात. रेबीजची लक्षणं दिसल्यावर रोगी सहसा वाचत नाही. विषाणू लाळेतून येतो, साबणानं मरतो. म्हणून जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवावी. हळद-चुना भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. आणि मुलाला रागावू नये, म्हणजे पुढच्या वेळीही ते सांगेल.