नऊ हजार फेऱ्या की एक हजार?



शाळेतील एक हजार मुलांची यादी आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावायची आहे. पायथॉनमध्ये हे काम दोन-तीन ओळींत होते. पण त्या ओळी कशा लिहिल्या, यावर लागणारा वेळ ठरतो. तो वेळ जातो कुठे, ते आज पाहू.

सी भाषेतील प्रोग्रॅम आधीच पूर्ण यंत्रभाषेत उतरवून ठेवतात. याला कंपाइल करणे म्हणतात. पायथॉनच्या सूचना मात्र इंटरप्रिटर ऐन वेळी एकेक करून पार पाडतो. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. घरी एक व बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्याला त्याचे काम ठाऊक आहेच.

नेहमीच्या पायथॉनमधील यादी लावणारे ‘सॉर्ट’ सी भाषेत लिहिलेले आहे, म्हणून ते वेगवान. पण ‘या दोघांत आधी कोण?’ हे ठरवणारे फंक्शन आपण पायथॉनमध्ये लिहून दिले, तर प्रत्येक तुलनेला हातचे काम थांबवून दुभाष्याकडे जावे लागते. फंक्शनसाठी जागा मांडा, दोन्ही नावे द्या, सूचना वाचा, उत्तर तपासा, परत या. तुलना क्षणाची, पण हा जाण्यायेण्याचा खर्च मोठा. विस्कळीत एक हजार नावांना सुमारे नऊ हजार तुलना लागतात. म्हणजे तितक्याच फेऱ्या!

पायथॉन २.४ मध्ये (२००४) यावर ‘की’ हा उपाय आला. यात आपले फंक्शन फक्त नावातून आडनाव काढून देते आणि प्रत्येक नावासाठी एकदाच चालते. फेऱ्या एक हजार. पुढील सर्व तुलना सीमध्येच होतात. पायथॉन ३.० मध्ये (२००८) तुलनेचे फंक्शन थेट देण्याची सोय काढूनच टाकली. आता ते ‘सीएमपी टू की’मध्ये गुंडाळून द्यावे लागते.

एका फेरीत भरपूर काम होत असेल, तर तिचा खर्च जाणवत नाही. चिमूटभर कामासाठी हजारो फेऱ्या मात्र महाग पडतात.

पालक व विश्वस्तांनाही आम्ही एक सांगू इच्छितो. प्रोग्रॅम रेंगाळला की नवा संगणक घ्यावासा वाटतो. पण नवा संगणकही त्या नऊ हजार फेऱ्या मारणारच, फक्त जरा भराभर. आधी फेऱ्या मोजाव्यात.

मुलांनो, दोन्ही पद्धतींनी यादी लावा, फंक्शन किती वेळा चालले ते मोजा आणि वहीत लिहा.