ठिपके मोजा, चाकूचं वय सांगा

बैलाचं वय दातांवरून ओळखतात, तसं अमेरिकेतल्या ‘केस’ कंपनीच्या घडीच्या चाकूचं ठिपक्यांवरून. 1970 साली कंपनीनं पात्याच्या बुडाशी, शिक्क्याखाली दहा ठिपके मारले आणि दरवर्षी एकेक कमी करत नेला. 1979 ला उरला एकच. 1980 ला पुन्हा दहा! जुन्या बाजारात कुणी भिंग लावून पात्याचं बूड न्याहाळताना दिसला, तर तो संग्राहक समजावा.

नंबरही वाचता येतो. 6254 मधला 6 म्हणजे मूठ हाडाची, 2 म्हणजे पाती दोन आणि 54 म्हणजे ‘ट्रॅपर’ ही घडण, फरसाठी सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांची. ‘स्टॉकमन’ गुरं पाळणाऱ्यांचा. त्याच्या तीन पात्यांतलं बोथट टोकाचं पातं खोंड खच्ची करायला असे. आज त्यानं मंडळी निवांत पाकिटं फोडतात!

‘बार्लो’चा दिमाख औरच. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला (1876) बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंटचा बार्लो मिळतो. त्यानं धड काही कापलं जात नाही, पण बार्लो तो बार्लो; पोरगं हरखून जातं. संग्राहकाचा स्वभाव याहून नेमका कुणी पकडला असेल, असं वाटत नाही.

अतिरेक बघायचा तर इंग्लंडमधलं शेफील्ड. जोसेफ रॉजर्स कंपनीनं 1822 साली चाकू केला, पाती किती? 1822! पुढे सालं वाढली तशी पातीही वाढवली.

जपानच्या ‘हिगोनोकामी’ला ना स्प्रिंग, ना खटका. पात्यामागच्या छोट्या दांडीवर अंगठा दाबून धरायचा, बस्स. एके काळी शाळकरी पोरं त्यानं पेन्सिली तासत.

आपल्याकडे मान रामपुरीचा, पण सिनेमातल्या गुंडांनी त्याचं नाव पार खराब केलं. रामपूरकरांनी 2023 मध्ये चौकात वीसेक फुटी चाकू उभारून उट्टं काढलं.

माझं मत मात्र फ्रान्सच्या ‘ओपिनेल’ला, त्यातही 8 नंबरला. साधी लाकडी मूठ, एकच पातं, आणि 1955 पासून पातं पक्कं धरणारी फिरती कडी. ओलाव्यानं लाकूड फुगून पातं अडकलं, की कडी मोकळी करून मुठीचं बूड मेजावर ठोकायचं. टोक बाहेर डोकावतं. सावोय प्रांतातल्या या युक्तीला फ्रेंचमध्ये नावच आहे, ‘कू द्यु सावोयार’.