आधुनिक एकल ट्रंपेट-रचना : एक अल्पपरिचित संचित

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एकल ट्रंपेटवादनाची चर्चा बहुधा हायडन (१७९६) व हुमेल (१८०३) यांच्या दोन कॉन्चेर्टोंपाशी थांबते. हे दोन्ही व्हिएन्ना येथील वादक आंटोन वाइडिंगर यांच्या चाव्यांच्या ट्रंपेटसाठी लिहिले गेले. तत्पूर्वीच्या साध्या ट्रंपेटमधून, तुतारीप्रमाणेच, केवळ नैसर्गिक स्वरश्रेणीतील स्वर निघत. पुढे झडपांमुळे सर्व स्वर सुलभ झाले. तथापि एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य रचनाकारांनी या वाद्याकडे एकल वाद्य म्हणून पाहिले नाही. ही उणीव विसाव्या शतकाने भरून काढली, परंतु ते संचित आपल्याकडे फारसे पोहोचलेले नाही.

महाराष्ट्रात ट्रंपेट रुजले ते लग्नाच्या बँडमुळे आणि गोमंतकीय वादकांमुळे. चिक चॉकलेट या नावाने ख्यातकीर्त झालेले अँटोनियो झेवियर वाझ यांचे वादन सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातून घरोघरी पोहोचले. मात्र वाद्याची ओळख वरात आणि चित्रपटगीत एवढ्यापुरतीच राहिली. वादकांच्या कौशल्याचा हा दोष नव्हे. त्यांच्यासमोर निराळे साहित्यच आले नाही.

इटालियन रचनाकार लुचानो बेरियो यांची ‘सेक्वेंझा १०’ (१९८४) या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरते. तीत वादक मधूनमधून ट्रंपेटचे तोंड उघड्या पियानोकडे वळवतो. पियानोवर बसलेला सहायक काही पट्ट्या आवाज न होऊ देता दाबून धरतो. त्यामुळे त्या तारा मोकळ्या राहतात आणि ट्रंपेटच्या नादाने आपोआप झंकारतात. कवठे महांकाळच्या श्रोत्याला हे तत्त्व परके वाटू नये. जवळच्या मिरजेत घडणाऱ्या सतारींच्या तरफा याच अनुनादावर बोलतात.

जपानी रचनाकार तोरू ताकेमित्सू यांची ‘पाथ्स’ (१९९४) ही पोलिश रचनाकार लुतोस्लाव्स्की यांच्या स्मरणार्थ लिहिलेली अल्पावधीची रचना आहे. येथे साथीला कोणीही नाही. वाद्याच्या तोंडात म्यूट, म्हणजे नाद दबवणारे बूच, कधी बसवून तर कधी काढून एकच वादक दोन आवाजांचा संवाद उभा करतो. दबलेला आवाज दूरवरून आल्यासारखा भासतो.

बेरियोंच्या रचनेस ग्रँड पियानो व सहायक लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे जुळणे कठीणच. ताकेमित्सूंच्या रचनेस एक ट्रंपेट आणि एक म्यूट पुरेसा आहे. साधनांची ही काटकसर लक्षात घेता अभ्यासाची सुरुवात तिच्यापासून करणे इष्ट, अर्थात दीर्घ श्वास आणि मंद नादावर हुकमत असलेला वादक मिळाला तरच. बँडमध्ये मोठ्याने वाजवण्याची सवय झालेल्या ओठांना नेमके हेच जड जाते.