आरशाचा फोटो काढताना

प्रूफ नाणे म्हणजे छोटा आरसाच. घासून चकाकवलेल्या साच्यांनी तितक्याच चकचकीत चकतीवर किमान दोनदा ठसा मारून ते पाडतात. मुंबईच्या टांकसाळीची स्मारक नाणी अशा रूपातही मिळतात: पार्श्वभूमी लख्ख, वरचे चित्र बहुधा दुधी.

कॅमेऱ्याची पंचाईत इथेच होते. दुधी भाग प्रकाश चहूकडे विखुरतो. लख्ख भाग मात्र ज्या कोनात प्रकाश आला, त्याच कोनात तो परतवतो. म्हणून सरळ वरून टिपलेल्या फोटोत नाण्याच्या मधोमध काळे भोक दिसते. ते असते लेन्सचे प्रतिबिंब! दिवा बाजूला सरकवला की पार्श्वभूमी काळीकुट्ट होते आणि चित्र पांढरे उठते. नाणे देखणे दिसते खरे, पण आरसेपणा हरवतो. ध्रुवक फिल्टरचीही फारशी मदत होत नाही, कारण उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश जेमतेमच ध्रुवित होतो.

त्यावर एक स्वस्त तोड आहे. लेन्स आणि नाणे यांच्या मध्ये साधी काच ४५ अंशांत तिरपी धरायची आणि दिवा बाजूने लावायचा. काचेवर आपटून थोडा प्रकाश सरळ खाली उतरतो आणि आल्या वाटेने लेन्सकडे परततो. आता पार्श्वभूमी उजळते, चित्र गडद होते. काच आधी पुसून घ्यावी. नाणे मात्र पुसू नये. मऊ फडक्यानेही त्यावर बारीक ओरखडे उठतात.