श्रुतीपासून स्मृतीपर्यंत
लेखमाला : लांब गाण्यांची वाट – भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधून फिरून आलो. मार्च १९७३ मधल्या त्या अल्बमचा विषय गहन आहे, पण ऐकणाऱ्याचा हात तो सोडत नाही. गाणी आटोपशीर आहेत, आणि घड्याळांचा गजर, नाण्यांचा खणखणाट, काळजाचे ठोके अशा खुणा वाटेत जागोजागी भेटतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये आणखी एक अल्बम आला. त्यात वाट दाखवणारी अशी एकही खूण नाही. 'येस' या बँडच्या त्या अल्बमचं नाव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन तबकड्या, चार बाजू, आणि एका बाजूला एकच गाणं. सगळं मिळून सुमारे ८१ मिनिटं.

प्रोग्रेसिव्ह रॉकवर जीव असलेली माणसंसुद्धा या अल्बमवरून गेली पन्नास वर्षं वाद घालत आली आहेत. कुणाला तो या संगीताचा कळस वाटतो, कुणाला निव्वळ पाल्हाळ. मराठी वाचकाला मात्र याच्या दारातच ओळखीचे चार शब्द भेटतात: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. अख्खा अल्बम या चार शब्दांवर उभा आहे.

८३व्या पानावरची तळटीप

मार्च १९७३ मध्ये येसचा आधीचा ड्रमर बिल ब्रुफर्ड याचं लग्न झालं. त्या समारंभात किंग क्रिमझन बँडचा तालवादक जेमी म्युअर आणि येसचा गायक जॉन अँडरसन यांच्या गप्पा झाल्या. म्युअरनं त्याला परमहंस योगानंदांचं १९४६ साली प्रसिद्ध झालेलं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचायला सांगितलं. लगेच येसचा जपान दौरा होता. टोकियोत ते पुस्तक वाचताना अँडरसन ८३व्या पानावरच्या एका लांबलचक तळटिपेपाशी अडला. शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार वर्ग आहेत आणि धर्मापासून वैद्यक, वास्तू, कलेपर्यंत सगळं आयुष्य त्यांत सामावलं आहे, असं तीत म्हटलं होतं. आपल्याला ही माहिती शाळेच्या वयातच कानावर पडून बोथट झालेली असते. अँडरसनला तीत एका भव्य रचनेचा आराखडा दिसला.

पुढच्या अमेरिका दौऱ्यात तो आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ कार्यक्रम संपला की हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून चाली जुळवत बसत. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी एका रात्री पहाटेपर्यंत बसून त्यांनी चारही भागांचा सांगाडा उभा केला. मग लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. चारही गाणी वीस मिनिटांच्या आसपास आहेत, याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या दर्जाचा आवाज साधारण तेवढाच वेळ मावतो. चार शास्त्रं आणि चार बाजू, असा हिशेब जुळला.

बसमधलं ऐकणं

माझं घर बेंगळुरूच्या जयनगरला आणि नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. हा अल्बम मला प्रथम भेटला तो कंपनीच्या बसमध्ये. सिल्क बोर्डच्या चौकात बस तासन्‌तास रेंगाळायची, आणि २०१० साली खुल्या झालेल्या उन्नत मार्गावर चढली की सुसाट सुटायची. हेडफोन लावून मी पहिली बाजू सुरू करायची आणि दहाव्या मिनिटाला सोडून द्यायची. असं तीनदा झालं. वाईट काहीच वाजत नव्हतं. कुठलाही एक क्षण घेतला तर सुंदरच होता. पण मागचा क्षण पुढच्याला का जोडलाय, हे कळत नव्हतं. खिडकीबाहेरच्या काचेच्या इमारती जशा एकामागून एक सरकत होत्या, तसेच सूरही.

अर्थ शब्दांत सापडेल या आशेनं मी गीतांचे शब्द वाचून काढले. तिथेही श्रुती म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, याचं स्पष्टीकरण नव्हतं. अँडरसन शब्द निवडतो ते बरेचदा त्यांच्या नादासाठी. हे चार भाग शास्त्रांवरची प्रवचनं नाहीत, हे कळायला मला वेळ लागला. एकेका शब्दातून त्याला जे जाणवलं, त्याचं ते स्वरचित्र आहे.

वाट सापडली ती मिरजेच्या आजीमुळे. माझ्या लहानपणी चातुर्मासात ती मला देवळात कीर्तनाला न्यायची. नारदीय कीर्तनाची बांधणी ठरलेली असते. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. उत्तररंगात एखादं आख्यान लावतात. आख्यान कितीही लांब गेलं, तरी शेवटी स्वारी त्याच अभंगाशी येऊन थांबते. घरी परतताना आजीचा एकच प्रश्न असायचा, "बुवांनी अभंग कुठला घेतला होता गं?" गोष्ट मला पाठ असायची, अभंग मात्र निसटलेला. मग ती म्हणायची, "मग तू नुसती गोष्टच ऐकलीस."

येसच्या बाबतीत माझं तेच झालं होतं. मी आख्यान ऐकत होते आणि मूळ अभंग कुठला, हे धरूनच ठेवलं नव्हतं.

ऐकलेलं आणि आठवलेलं

श्रुती म्हणजे ऐकलेलं, स्मृती म्हणजे आठवणीत राहिलेलं. शास्त्रांच्या विभागणीतले हे दोन शब्द लांब संगीतरचनेच्या बाबतीत शब्दशः खरे आहेत. तीन मिनिटांच्या गाण्यात मुखडा इतक्या लवकर परत येतो की तो वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. वीस मिनिटांच्या गाण्यात एखादी चाल दुसऱ्या मिनिटाला येते आणि पुन्हा थेट अकराव्याला. मधल्या काळात ती ऐकणाऱ्याजवळ शिल्लक नसेल, तर तिचं परतणं हे परतणं उरतच नाही. आणखी एक नवी चाल वाजली, एवढंच वाटतं. अशा रचनेचा निम्मा भाग तबकडीवर असतो आणि निम्मा ऐकणाऱ्याच्या आठवणीत तयार व्हावा लागतो. म्हणून पहिल्या ऐकण्यात ती न कळणं हा कानांचा दोष नाही. ती अजून पुरी झालेलीच नसते.

नोव्हेंबर १९७३ मध्ये येसनं इंग्लंडच्या दौऱ्यात हा अल्बम सबंध वाजवला, तोही तबकड्या दुकानांत येण्याआधी. समोरच्या बहुतेक प्रेक्षकांनी त्यातला एकही सूर आधी ऐकलेला नव्हता. त्यांच्या वाट्याला फक्त श्रुती आली. अनेक जण गोंधळून घरी गेले यात नवल नाही.

याच्या उलट आपल्याकडचं उदाहरण बघा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. एका कथेत ओवलेली एवढी मोठी रचना, पण आठवड्याला एकच गीत. शुक्रवारी सकाळी प्रक्षेपित झालेलं गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा ऐकवलं जाई. नवं गीत येईपर्यंत आधीचं घराघरांत गुणगुणलं जात असे. ५६ गीतांचा तो डोलारा लोकांना कधी जड झाला नाही, कारण त्यांना आठवायला सवड दिली होती. तीच सवड आपण येसच्या चार गाण्यांना देऊन बघू.

चार बाजू, चार स्वभाव

पहिली बाजू, श्रुती: 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड'. सुरुवात मंत्रपठणासारखी. अँडरसनचा आवाज छोट्या छोट्या शब्दसमूहांच्या पायऱ्या चढत जातो, इतर आवाज त्याला मिळतात, आणि बांध फुटावा तसा सगळा बँड कोसळतो. २००३ च्या आवृत्तीत या पठणाच्याही आधीची सुमारे दोन मिनिटांची शांत प्रस्तावना परत जोडलेली आहे. मिळाली तर तीच ऐका. या बाजूत धरून ठेवायचा 'अभंग' म्हणजे एकेकाळी ओळखीच्या असलेल्या गाण्याचं पुढं काय झालं, असं विचारणारी ओळ. ती पुन्हा पुन्हा येते. पहिल्या काही वेळा बाकी सगळं सोडा आणि फक्त तिची वाट पाहा.

दुसरी बाजू, स्मृती: 'द रिमेंबरिंग'. इथं रिक वेकमनचे की-बोर्ड पुढे आहेत. त्यांतलं मेलोट्रॉन हे वाद्य लक्ष देऊन ऐका. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यवृंदाच्या किंवा गायकांच्या सुराची एक ध्वनिफीत असते आणि पट्टी दाबली की ती फिरू लागते. स्मृतीवरच्या गाण्यात साठवून ठेवलेले सूर परत वाजवणारं वाद्य असावं, ही मला फार समर्पक गोष्ट वाटते. ही बाजू भरती-ओहोटीसारखी संथ आहे. हिच्याकडून घाईची अपेक्षा ठेवली की ती लांबते; रात्री दिवा मालवून ऐकली की उलगडते.

तिसरी बाजू, पुराण: 'द एन्शन्ट'. चारही बाजूंतली सर्वांत खडबडीत. तालवाद्यांचे घणाघात, स्टीव्ह हाऊच्या स्टील गिटारचे कर्कश्श वाटावेत असे सूर, आणि निरनिराळ्या भाषांमधल्या सूर्यनामांचा उच्चार. यास्कानं निरुक्तात 'पुराण' या शब्दाची फोड करताना, जे जुनं असून नवं होतं ते पुराण, असं सुचवलं आहे. ते मनात ठेवून ऐका. बारा-तेरा मिनिटं उत्खननाच्या जागेवर दगड उलथावेत तसा कल्लोळ चालतो, आणि मग सगळं शांत होऊन एकटी साधी गिटार वाजू लागते. तिच्यामागून एक कोवळं गाणं येतं. ते गाणं सुटं काढून ऐकण्याचा मोह आवरा. त्याआधीचा खडखडाट सोसलेल्या कानालाच त्याची कोवळीक पुरती कळते.

चौथी बाजू, तंत्र: 'रिच्युअल'. मराठीत तंत्र म्हणजे आधी कौशल्य, रीत. संस्कृतात मागावरच्या ताण्यालाही तंत्र म्हणतात. या बाजूत क्रिस स्क्वायरचा बास एकट्यानं गातो, नंतर अ‍ॅलन व्हाइटच्या ड्रमबरोबर बँडमधले इतरही तालवाद्यं वाजवू लागतात. सत्-असताच्या झगड्याचं ते चित्र आहे. झगडा शमल्यावर उरतं ते गाण्याच्या नावातलंच एक छोटं फ्रेंच वाक्य, 'आपण सूर्याचे आहोत' अशा अर्थाचं. इतका मोठा प्रवास इतक्या साध्या शब्दांवर थांबतो, हे मला कीर्तनाच्या शेवटासारखं वाटतं.

वेकमनचा आक्षेप

या अल्बमवरची सर्वांत वजनदार टीका बँडमधूनच आली. वेकमनचं म्हणणं असं की एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी पडेल इतका ऐवज हाती होता, म्हणून तो ताणावा लागला. १९७४ मध्ये, या अल्बमच्या दौऱ्यानंतर, तो बँड सोडून गेला. त्याचा आक्षेप मी झटकणार नाही. दुसऱ्या बाजूच्या मधल्या भागात वीण सैल आहे. तिसऱ्या बाजूचा कल्लोळ दोन-तीन मिनिटांनी कमी असता तरी चाललं असतं. पण पट्टीचा कीर्तनकारही एखाद्या रात्री आख्यान लांबवतो, तेवढ्यानं अभंग खोटा ठरत नाही. इंग्लंडमध्ये अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. पण तो मोठा ठरतो तो ऐकणाऱ्याकडून त्यानं केलेल्या मागणीमुळे. परत या, एवढीच ती मागणी आहे.

पिवळ्या मार्गावर

१० ऑगस्ट २०२५ ला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला आणि माझी बस सुटली. आर. व्ही. रोडला चढायचं, इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरायचं. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, म्हणजे तबकडीची बरोबर एक बाजू. मी नियम केला: एका आठवड्यात एकच बाजू, जाताना तीच आणि येताना तीच. मध्ये थांबवायची नाही, पुढे ढकलायची नाही, आणि ऐकताना फोनवर दुसरं काही उघडायचं नाही.

पहिल्या आठवड्याच्या गुरुवारची संध्याकाळ मला लख्ख आठवते. बोम्मनहळ्ळी गेलं होतं, गाडी सिल्क बोर्डकडे निघाली होती. खाली होसूर रस्त्यावर गाड्यांचे लाल दिवे रांगेनं लागले होते. पहिल्या बाजूतला वाद्यांचा एक भाग संपत आला होता, आणि अचानक मला कळलं, आता ती येणार. हरवलेल्या गाण्याबद्दल विचारणारी ती ओळ. आणि ती आलीच. बसमध्ये तीनदा ती माझ्या कानांवरून गेली होती. या वेळी तिच्या आधी मी तिथे पोचले होते. त्या एका क्षणात मागची सगळी मिनिटं एकमेकांना जोडली गेली. ओळखीचं गाणं कुठं गेलं, असं ती विचारत होती आणि ते मला ओळखीचं झालं होतं. आजी असती तर तिला सांगितलं असतं: अभंग सापडला.

या आठवड्याचा अभ्यास: पहिली बाजू, सात दिवसांत किमान पाच वेळा. अर्थ शोधू नका. कुठली चाल परत येते आणि किती वेळा येते, एवढंच वहीत मांडा. उरलेल्या तीन बाजूंना पुढे एकेक आठवडा द्या. घाई नाही.

पुढच्या भागात आपण घराजवळ येऊ. मुंबईच्या 'कोशिश' बँडचा २०१३ मधला हिंदी अल्बम 'फिरदौस'. त्यातली गाणी कथेच्या क्रमानं लावलेलीच नाहीत. खरा क्रम ऐकणाऱ्यानं स्वतः शोधायचा आहे. आठवणीवर भिस्त ठेवायची सवय तोवर लागली असेल, तर ते कोडं तुम्हाला सुटेल.