चिनी नोटेवरचं गावाचं नाव

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलांच्या संग्रहात एखादी जुनी चिनी नोट आली, तर आकडा आणि चित्र बघून ती लगेच बाजूला ठेवू नका. तिच्यावर गावाचं नाव आहे का ते शोधा.

१९१४ साली चीनच्या बँक ऑफ कम्युनिकेशन्सने अमेरिकन बँक नोट कंपनीकडून नोटा छापून घेतल्या. मूळ नक्षी छापल्यावर त्यावर वेगळ्या शाईने गावाचं नाव छापलं: शांघाय, हार्बिन, अमॉय वगैरे. यालाच ओव्हरप्रिंट म्हणतात. हे नाव शोभेचं नव्हतं. नोट देऊन चांदीचे डॉलर कुठल्या शाखेत मिळणार, ते त्यावरून कळायचं. परगावी त्याच नोटेला कमी भाव मिळू शके.

याचा खरा कस लागला मे १९१६ मध्ये. पेकिंग सरकारने बँक ऑफ चायना आणि बँक ऑफ कम्युनिकेशन्स यांना नोटांच्या बदल्यात चांदी देणं थांबवायला सांगितलं. बँक ऑफ चायनाच्या शांघाय शाखेने चक्क नकार दिला आणि चांदी देत राहिली! पेकिंगच्या नोटांचा भाव मात्र घसरला. बँक एकच, पण गाव बदललं की नोटेची पत बदलली.

आता ओळखायचं कसं? चिनी येत नसलं तरी चालतं, बरं का. इंग्रजी नाव बहुधा मागच्या बाजूला मिळतं. स्पेलिंग मात्र जुनं असतं. अमॉय म्हणजे आजचं श्यामेन. चिनी अक्षरं आडवी असतील तर उजवीकडून वाचा. शांघायचं पहिलं अक्षर सोपं आहे: तळाला आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ आणि उभीला उजवीकडे छोटा फाटा. ते उजव्या हाताला दिसेल.

मग भिंग घ्या. नावाची शाई नक्षीच्या रेघांवर बसलेली दिसायला हवी. रंग, अक्षराचं वळण, जागा हेही टिपून ठेवा. बाजूला एखादं सुटं छोटं अक्षर असेल तर ते गावाचं नाव समजू नका. नोटांचा गठ्ठा कुठल्या बँकेला दिला, हे ओळखण्यासाठी अशा खुणा करत. शांघायच्या नोटा भरपूर मिळतात, म्हणून दुर्मीळ गावाचं नाव दिसलं की आधी शंका घ्यावी, असं माझं मत. नाव मागाहून छापून फसवणं अवघड नाही.

आपल्या नाशिकलाही याच्याशी मिळतंजुळतं काम झालंय, पण तो ओव्हरप्रिंट नव्हता. १९४८ साली पाकिस्तानसाठी रिझर्व्ह बँकेच्याच नोटांच्या छपाईच्या प्लेटमध्ये ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असे शब्द इंग्रजीत आणि उर्दूत घातले होते. तशी नोट मिळाली तर भिंग तिच्यावरही धरून बघा.