प्लास्टिक डांबरात नाही, खडीवर!

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "प्लास्टिकच्या पिशव्या डांबरात वितळवून रस्ते करतात म्हणे. मग उन्हाळ्यात रस्ता मऊ नाही पडणार?" प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गफलत आहे. मीही ती बरीच वर्षं करत होतो. आपल्याकडे जी पद्धत गाजली, तिच्यात प्लास्टिक डांबरात घालतच नाहीत. ते आधी खडीवर घालतात.

ही पद्धत राजगोपालन वासुदेवन यांची. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. २००२ मध्ये कॉलेजच्या आवारातच त्यांनी रस्ता करून पाहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खडी साधारण १६०-१७० अंशांपर्यंत तापवायची (ती एरवीही तापवतातच), तिच्यावर बारीक कातरलेलं प्लास्टिक टाकायचं. ते वितळून प्रत्येक खड्यावर पातळ साय धरतं. मग गरम डांबर.

आता खरी गंमत बघा. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. पावसाचं पाणी फटीतून आत शिरतं, वरून ट्रकचं चाक ते दाबतं आणि खडीवरचं डांबर सुटायला लागतं. खडी मोकळी झाली की खड्डा पडलाच! प्लास्टिकची साय दगडाची छिद्रं बुजवते, पाण्याला अडवते, आणि डांबर तिला घट्ट धरतं, कारण दोघांची रासायनिक जात जवळची. उन्हाचं म्हणाल, तर पिशवीचं प्लास्टिक वितळायला शंभराच्या वर तापमान लागतं. रस्ता तेवढा तापत नाही.

प्रमाण किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१३ च्या सूचनांनुसार डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. एक टन मिश्रणात साधारण ५० किलो डांबर धरलं, तर प्लास्टिक जेमतेम तीन-चार किलो. म्हणजे सगळा कचरा रस्त्यात जिरेल, ही आशा सोडा. त्यातही दुधाची पिशवी चालते, वाढदिवसाचे फ्लेक्स नाहीत. ते पीव्हीसीचे, तापवले की विषारी हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

आणि हो, खालचा भराव कच्चा असेल, कडेला गटार नसेल, तर ही साय काहीच करू शकत नाही. आपल्याकडचे निम्मे वाद तिथेच आहेत, असं माझं मत. त्यावर पुढच्या भागात बोलू.